४२ घरांचा ले-आऊट: पाणी, कचरा, वीज यांचा पाच वर्षांचा बेत करायचाय. सुरुवात कुठून?

पळसपान (धागालेखक)

नमस्कार मंडळी,

दक्षिण नागपुरात, रिंग रोड ओलांडून थोडं पुढे आमचा ले-आऊट (प्लॉट पाडून वसलेली वसाहत) आहे. ४२ घरं, गाजरगवताने भरलेले चार रिकामे प्लॉट, मधोमध ओपन स्पेस आणि तिच्या कोपऱ्यात जुनी विहीर. ले-आऊट पडण्याआधी इथे संत्र्याची बाग होती, तिची ही विहीर. आता तिच्यावर जाळी आहे आणि जाळीवर निर्माल्य. नळ आहे, पण उन्हाळ्यात पुरत नाही. सामाईक बोअर एप्रिल संपता संपता आटते, मग टँकर. गडरलाइन (सांडपाण्याची सामाईक नळी) अजून आलेली नाही, घरोघरी सेप्टिक टँक.

मागच्या नवतप्यात, म्हणजे मेअखेरच्या त्या नऊ तापलेल्या दिवसांत, ट्रान्सफॉर्मर उडाला आणि त्याच आठवड्यात टँकरवाल्याने भाव वाढवले. तेव्हापासून आठ-दहा घरं गंभीरपणे बोलायला लागली आहेत की पाच वर्षांत हा ले-आऊट पाणी, कचरा आणि विजेच्या बाबतीत जमेल तेवढा स्वतःच्या पायावर उभा करायचा. २६ जानेवारीला झेंडावंदनानंतर सगळे एकत्र असतात, तेव्हा सभा घेणार आहोत. यादी लांब झाली आहे: सोलर, कंपोस्ट, पाऊसपाणी, झाडं, भाजीचे वाफे, ई-गाड्यांचं चार्जिंग. पैसा थोडा, उत्साह बरा, निम्मे लोक निवृत्त, दहा-बारा घरांत भाडेकरू.

ज्यांनी असं काही केलंय किंवा जवळून पाहिलंय त्यांनी सांगा. काय आधी, काय नंतर, काय अजिबात नको?

खापरीनाका

सोलर. डोळे झाकून सोलर.

पीएम सूर्यघर योजना फेब्रुवारी २०२४ मध्ये आली. घराला १ किलोवॉटला ३०,००० रुपये, २ किलोवॉटला ६०,००० आणि ३ किंवा जास्त असेल तर ७८,००० रुपये अनुदान थेट खात्यात. सोसायटी किंवा रहिवासी संघाच्या सामाईक वापरासाठी किलोवॉटमागे १८,०००. योजना २०२६-२७ पर्यंत आहे, म्हणून उशीर करू नका. नागपूरकरांना ऊन कमी आहे का? आपल्याकडे १ किलोवॉट वर्षाच्या सरासरीने रोज ४ युनिटच्या आसपास देतो. छपरावर १०० चौरस फूट जागा धरा.

महालकर_ताई

खापरीनाका, माहिती पक्की आहे, पण क्रम माझ्या मते उलटा.

पळसपान, आधी मोजा. प्रत्येक घराची मागच्या वर्षभराची वीजबिलं काढा, ॲपवर मिळतात. डिसेंबर आणि मे यांच्या बिलांतला फरक म्हणजे त्या घराचा थंडाव्याचा खर्च. तो फरक पाहिला की लोक स्वतःहून बोलायला लागतात, भाषण द्यावं लागत नाही. मागच्या उन्हाळ्यातल्या टँकरच्या पावत्या गोळा करा. एक आठवडा प्रत्येक घराचा ओला आणि सुका कचरा काट्यावर घाला. आणि विहिरीच्या काठावर एक खूण करून, दोरीला दगड बांधून, दर महिन्याच्या एका ठरावीक तारखेला पाणी किती खोल आहे ते वहीत लिहा. विहिरीची ही वही आजपासून सुरू करता येते, तिला सभा लागत नाही आणि पैसाही लागत नाही.

हे न करता सोलर बसवलं तर होतं असं, की ६०० युनिट जाळणारं घर ६०० युनिटचं सोलर बसवतं आणि मग 'आता फुकटच आहे' म्हणून दुसरा एसी घेतं. डोळ्यांनी पाहिलंय.

वऱ्हाडी_ठेचा

भाऊ, वाईट वाटून घेऊ नका, पण हे असं होते पहा. पयल्या महिन्यात चाळीस लोकं, दुसऱ्यात बारा, तिसऱ्यात ग्रुपवर नुसते गुड मॉर्निंग.

आमच्या बाजूच्या सोसायटीनं वर्गणी काढून खत करायची मशीन आणली. हिटरवाली. चोवीस तासात खत म्हणे! वीज भल्ली खाल्ली तिनं, अन् आतून निघालं ते खत नाही, वाळलेला कचरा. पाणी लागलं का पुन्हा वास. आता तिच्यावर गोधड्या वाळत घालतात. तुम्ही बेत करा, जरूर करा, पण रोज सकाळी ढीग कोण पलटवणार त्याचं नाव आधी लिहा. नाव नाही तं काही होत नाही, सांगून ठेवतो.

गांडूळराव

ठेचाभाऊंशी शंभर टक्के सहमत. ती मशीन कचरा तापवून वाळवते, कुजवत नाही. कुजायला दिवस लागतात, त्याला आडवाट नाही.

पळसपान, तुम्ही नेमक्या वेळी विचारताय. फेब्रुवारी-मार्चमध्ये कडुनिंबाची पानगळ होते. रस्ते झाडून पानांचे ढीग लागतात आणि संध्याकाळी त्यांना काडी लावली जाते. आधी ते थांबवा. घनकचरा नियमांनुसार रस्त्यावर कचरा जाळणं मुळात मना आहे, पण नियम दाखवून शेजारी सुधारत नाहीत. त्याऐवजी पानं विकत घेतल्यासारखी गोळा करा, कारण वर्षभराच्या कंपोस्टचं अर्धं भांडवल तेच आहे.

का ते सांगतो. ओल्या कचऱ्यात नत्र जास्त, वाळल्या पानांत कर्ब जास्त. कुजवणाऱ्या जिवाणूंना कर्ब आणि नत्र साधारण २५-३० ला १ या प्रमाणात लागतात. स्वयंपाकघरातला कचरा एकटा टाकला की तो सडतो, वास मारतो, अळ्या पडतात. लोक म्हणतात कंपोस्ट फसलं. खरं तर पानं संपलेली असतात. एक बादली ओला कचरा, वर दीड-दोन बादल्या चुरलेली पानं, हा हिशेब ठेवा. पावसाळ्यात सुकी पानं औषधालाही मिळत नाहीत आणि नेमकी तेव्हाच सगळ्यात जास्त लागतात. म्हणून पानगळीत पोती भरून, छपराखाली, ऑक्टोबरपर्यंत पुरतील इतकी ठेवा. तुमच्या ४२ घरांना शे-दोनशे पोती सहज जिरतील.

घरटी पाऊण ते एक किलो ओला कचरा धरला तर तुमचे रोजचे ३५-४० किलो. त्याला जाळीदार विटांच्या चार टाक्या पुरतात, प्रत्येकी साधारण ४ फूट लांब, ३ रुंद, ३ उंच. एक भरायची, तोवर आधीच्या पिकत राहतात. वरून पत्रा हवाच. नागपुरात या कामाचे दोन शत्रू आहेत: मे महिन्यात ढीग कोरडा ठणठणीत होतो आणि काम थांबतं, जुलैत चिखल होतो. उन्हाळ्यात रोज पाणी शिंपडा. मूठभर घेऊन दाबलं तर हाताला ओल लागावी, थेंब गळू नये. ढिगाच्या पोटात हात घालवणार नाही इतकी ऊब आली म्हणजे बरोबर चाललंय. दीड-दोन महिन्यांत खत. विरजण म्हणून जुनं खत किंवा आंबट ताक चालतं, पाकिटातली पावडर घ्यायची गरज नाही.

संत्र्याच्या सालींची भीती बाळगू नका. आंबिया बहार दिवाळीच्या आगेमागे येतो आणि मृग बहार फेब्रुवारी-मार्चमध्ये, तेव्हा घरोघरी सालींचा डोंगर. गांडुळांना त्या आवडत नाहीत हे खरं, पण गरम ढिगात बारीक तुकडे करून, मिसळून टाकल्या तर जिरतात. सावजी मटणाची हाडं मात्र नको. कुत्री टाक्या उकरतात आणि मग अख्खा ले-आऊट तुमच्यावर.

सांभारवडी

वाखुसा (वाचनखूण साठवली). आमच्याकडे शिळ्या ताकाऐवजी शेणकाला टाकतो, तोही चालतो. खत आलं की ओपन स्पेसमध्ये आधी सांभार (कोथिंबीर), पालक आणि वालाचे वेल लावा. महिना-दीड महिन्यात सांभाराची जुडी हातात आली की जे कचरा वेगळा करत नव्हते तेही करतात. टमाटे पहिल्या वर्षी नको, निराशा होते.

(अवांतर: रिकाम्या प्लॉटवरचं गाजरगवत फुलं येण्याआधीच उपटा. तिथे पावसाळ्यात तरोटा आपोआप येईल, भाजीला न्या.)

भाड्याची_खोली

एक वेगळं बोलतो, रागावू नका.

मी अशाच एका ले-आऊटमध्ये वरच्या मजल्यावर भाड्याने राहतो. आमच्याकडे 'हरित समिती' झाली तेव्हा भाडेकरूंना बोलावलंच नाही. मग नियम आला की प्रत्येक घराने तीन डबे घ्यायचे. डबे कोणी घ्यायचे, घरमालकाने की भाडेकरूने? तीन महिने त्यावरच गेले. छपरावर सोलर लागलं, बिल मालकाचं कमी झालं, आमच्या सबमीटरचा दर तोच राहिला. गच्चीवर कपडे वाळवायची जागा मात्र गेली.

तुमच्याकडे दहा-बारा घरांत भाडेकरू म्हणजे जवळजवळ चौथा हिस्सा. सभेत त्यांना खुर्ची द्या. घरकामाला येणाऱ्या मावशींनाही द्या, कारण ओला-सुका वेगळा करणारे हात बहुतेक घरांत त्यांचेच आहेत. आणि कबाडीवाल्याला आधी विचारा की तो कोणत्या दिवशी काय नेतो. समित्या 'सुका कचरा केंद्र' काढतात आणि पुठ्ठा-बाटल्या परस्पर विकतात, त्यात त्याची रोजी जाते.

महालकर_ताई

भाड्याची_खोली, हे कुणीतरी म्हणायलाच हवं होतं.

पळसपान, घरटी महिन्याला २०० रुपये काढले तर ४२ घरांचे ८,४०० होतात. त्यात एका माणसाला रोज दोन-अडीच तासांचं काम देता येतं. स्वयंसेवेवर टाक्या चालवू नका. आज यांच्या घरी लग्न, उद्या त्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन. पगार, हातमोजे, गमबूट आणि आठवड्याची एक सुट्टी, हे पहिल्या दिवशी ठरवा.

मुरूम_गिट्टी

आता पाण्याकडे येऊ. माझा धंदाच पाण्याचा आहे, म्हणून लांबण लावतो.

नागपूरला वर्षाला सरासरी एक मीटरच्या थोडा वर पाऊस पडतो, बहुतेक सगळा जून ते सप्टेंबर. तुमची ४२ छपरं प्रत्येकी १,००० चौरस फूट धरली तर एकूण ३,९०० चौरस मीटर होतात. वाया जाणारं सोडून ८० टक्के हाती लागलं तर वर्षाला ३१ लाख लिटर. १०,००० लिटरचे तीनशेच्या वर टँकर तुमच्याच छपरावर पडतात आणि नालीतून निघून जातात. हे पाणी टाकीत साठवणं शक्य नाही, तेवढी टाकी कोणी बांधत नाही. ते जमिनीत घालायचं.

आणि इथे लोक फसतात. आपली वरची माती काळी. भिजली की फुगते आणि बूच लागल्यासारखं पाणी अडवते. काळ्या मातीत चार फुटांचा शोषखड्डा खणला तर ते डबकं होतं. खड्डा काळी माती संपून मुरूम लागेपर्यंत गेला पाहिजे. मुरूम कुठे चार फुटांवर, कुठे बारा फुटांवर. शहराच्या पश्चिमेला खाली बेसाल्टचा काळा दगड, पूर्वेला ग्नीस, त्यामुळे एका ले-आऊटचं गणित दुसऱ्याला लावू नका. एक चाचणी खड्डा खणा, पाणी भरा, तासाभरात किती उतरतं ते पट्टीने मोजा. मग बाकीचं.

तुमच्या नशिबाने विहीर आहे, म्हणजे खणायचं काम बापजाद्यांनी करून ठेवलंय. आसपासच्या दहा-बारा घरांच्या छपरांचं पाणी पाइपने तिथे आणा. मध्ये गाळण-चेंबर, एक मीटर लांब-रुंद-खोल: तळाला बोल्डर, त्यावर मोठी गिट्टी, मग बारीक गिट्टी, वर रेती. पहिल्या एक-दोन पावसांचं पाणी बाहेर सोडायची तोटी हवीच, कारण छपरावरची सात-आठ महिन्यांची धूळ आणि कबुतरांची घाण त्यात असते. फक्त छपराचं पाणी विहिरीत. रस्त्यावरचं, अंगणातलं, गाडी धुतलेलं कधीही नाही.

गडरलाइन नाही म्हणालात, म्हणून आणखी एक. शोषखड्डा आणि सेप्टिक टँक यांच्यात जितकं जास्त अंतर ठेवता येईल तितकं ठेवा, पंधरा मीटर तरी. छोट्या प्लॉटवर ते जमत नसेल तर त्या घरी खड्डा करू नका, त्याचं पाणी विहिरीकडे न्या. आणि विहिरीचं पाणी तपासून घेतल्याशिवाय पिऊ नका, कितीही नितळ दिसलं तरी.

गाळ मे महिन्यात काढतात, पाणी सगळ्यात खाली असतं तेव्हा. जुन्या, झाकलेल्या विहिरीत हवा खराब असू शकते. सरावाचीच माणसं बोलवा. कमरेला दोर, वर धरायला दोघं. डिझेल पंप आत उतरवायचा नाही, त्याच्या धुराने माणसं दगावली आहेत. सगळं काम मृग लागायच्या आत, म्हणजे ७ जूनच्या आधी संपवा.

पळसपान

बाप रे. ३१ लाख लिटर हा आकडा मी आमच्या ग्रुपवर टाकला तर पहिलं उत्तर आलं, 'मग मागच्या वेळी पाणी आमच्या हॉलमध्ये का आलं?'

ते खरंच आहे. समोरचा रस्ता सिमेंटचा झाला आणि आमच्या जोत्यापेक्षा उंच झाला. आता जोराचा पाऊस आला की रस्त्याचं पाणी गेटमधून आत येतं.

मुरूम_गिट्टी

हे अर्ध्या नागपूरचं दुखणं आहे. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे काही तासांत १०० मिलिमीटरहून जास्त पाऊस झाला, अंबाझरी तलाव ओसंडला आणि नाग नदीच्या काठच्या वस्त्या पाण्यात गेल्या. त्यात तलाव-नदीचा वाटा मोठा होता, पण शहरभर जमीन सिमेंटने आणि पेव्हिंग ब्लॉकने झाकली की पाण्याला थांबायलाच जागा राहत नाही. रस्ता तुम्ही खाली करू शकत नाही. अंगणातल्या टाइल्स मात्र काढू शकता. गेटच्या आत फूटभर रुंद जाळीची नाली आणि पुढच्या तीन फुटांत फक्त गिट्टी-मुरूम, एवढ्यानेही बराच फरक पडतो. छपराचं पाणी विहिरीकडे गेलं की अंगणातला लोंढा तेवढा कमी.

नवतपा

सगळे पाऊस पाऊस करताय, कूलरचं कोणी बोलेना. पाणी एप्रिलमध्येच का संपतं याचा कुणी विचार केलाय का?

मोठा डेझर्ट कूलर ४५ अंशांच्या कोरड्या हवेत तासाला वीस-तीस लिटर सहज उडवतो, छोटा आठ-दहा. सरासरी १५ धरू. घरटी दोन कूलर, रोज दहा तास. ४२ घरांचे ८४ कूलर, ८४ गुणिले १५० म्हणजे १२,६०० लिटर. रोज! तुमचा टँकर कूलर पितात हो.

खापरीनाका

म्हणजे एसी लावायचे का आता?

नवतपा

चेष्टा नाही, हिशेब करू. दीड टनाचा बरा एसी तासाला साधारण एक युनिट घेतो, कूलर त्याच्या पाचव्या हिश्शात भागवतो. आपली वीज कोळशाची, कोराडी-खापरखेडा ही औष्णिक केंद्रं शेजारीच. जुन्या औष्णिक केंद्रांना युनिटमागे साडेतीन लिटर पाण्याची मर्यादा आहे, म्हणजे पाण्याच्या हिशेबात एसी कूलरपेक्षा स्वस्त ठरतो. त्यातही कोराडीला भांडेवाडीचं शुद्ध केलेलं सांडपाणी जातं. पण धूर आणि राख वाढते, ट्रान्सफॉर्मर उडतो, आणि एसी घराची गरम हवा शेजाऱ्याच्या खिडकीत सोडतो. ४२ घरांनी एकदम एसी लावले तर तुमच्या गल्लीचा मे आणखी वाईट.

त्यामुळे आधी घर कमी तापेल असं करा. गच्चीला पांढरं करा. चुन्यात फेविकॉल मिसळून दोन हात मारणं सगळ्यात स्वस्त, पण पावसाने धुपतं, दर मार्चला पुन्हा मारावं लागतं. पांढऱ्या फुटक्या टाइल्सचा चायना मोझॅक एकदाच महाग, मग वर्षानुवर्षं चालतो. पश्चिमेच्या भिंतीवर वेल किंवा वाळ्याची ताटी. कूलरच्या पंपाला टायमर लावा, वाळा ओला असेपर्यंत पंप बंद असला तरी हवा गारच येते. कूलर लावून खिडक्या घट्ट बंद करणाऱ्यांना काय म्हणावं? हवा बाहेर जायला वाट नसेल तर खोलीत नुसता दमटपणा होतो आणि मग लोक म्हणतात कूलर बिघडला.

पाऊस सुरू झाला की कूलर रिकामे करून, पुसून, कोरडे ठेवा. डेंग्यूचे डास त्यातच वाढतात.

वऱ्हाडी_ठेचा

नवतपा भाऊ, हा हिशेब आमच्या घरच्यांना वाचून दाखवला. बायको म्हणे, तुमच्या खोलीतला बंद करू मग. फसलो ना जी मी.

कॉलेजरोड

या विषयाचा थोडा मागचा इतिहास. गावाने मिळून वर्षवार आराखडा करायची एक पद्धत आयर्लंडमधल्या किन्सेल इथे २००५ साली कॉलेजच्या विद्यार्थ्यांनी वापरली. त्यांनी २०२१ साली गाव कसं असेल ते आधी लिहिलं आणि मग तिथून मागे येत दरवर्षी काय करायचं ते ठरवलं. पुढच्याच वर्षी इंग्लंडमध्ये टॉटनेसला त्यातून चळवळ उभी राहिली.

पण आपल्याला इतकं लांब कशाला जायचं? गडचिरोलीतलं मेंढा-लेखा आहे. तिथे ग्रामसभा बहुमताने नाही, सर्वसहमतीने निर्णय घेते आणि त्याआधी अभ्यासगटात विषयावर बोलून घेते. २००९ मध्ये गावाला सामूहिक वनहक्क मिळाला तो अशा सवयीच्या जोरावर. शहरी ले-आऊटला जंगल नाही, पण ही सवय उचलता येते. मतदान घेतलं की २५ विरुद्ध १७ होतं, आणि ते १७ जण पाच वर्षं टाक्यांच्या वासाबद्दल तक्रार करतात.

सीताबर्डीकर

सर्वसहमती मेंढ्यात जमली कारण तिथे पिढ्यांची ओळख आहे. आमच्या ले-आऊटमध्ये शेजाऱ्याचं आडनाव पाटीवर वाचावं लागतं. एका हटवादी काकांमुळे सगळं अडून बसेल. माझा सल्ला: जे तयार आहेत त्यांच्या पंधरा घरांनी सुरू करा, बाकीचे पाहतील. फक्त विहीर आणि ओपन स्पेस यांच्याबद्दल सगळ्यांना विचारा, कारण ते सगळ्यांचं आहे.

आणि एक कागदपत्राचं. ओपन स्पेस तुमची नसते, ती ज्या कार्यालयाच्या नावे आहे त्याची लेखी परवानगी घेतल्याशिवाय विटेला वीट लावू नका. तुमची समिती नोंदणीकृत आहे का?

पळसपान

नाही. गणपतीची वर्गणी गोळा करण्यापुरती आहे. आणि बोअरची मोटर एका काकांच्या घरच्या मीटरवर आहे, आम्ही त्यांना दर महिन्याला पैसे देतो.

खापरीनाका

मग १८,००० वालं अनुदान विसरा, आधी नोंदणी आणि समितीच्या नावे वेगळं मीटर. तसंही ३ अश्वशक्तीची मोटर दोन तास चालली तर साडेचार युनिट, त्याला एक किलोवॉट जवळजवळ पुरतो. त्यासाठी घाई नाही, हे मला मान्य.

घरांच्या सोलरबद्दल आता शांतपणे सांगतो. नागपूरचं ऊन कडक म्हणून मे महिन्यात सगळ्यात जास्त वीज मिळेल असं समजू नका. पॅनल तापला की उत्पादन घटतं, २५ अंशांच्या वर दर अंशाला ०.३५ ते ०.४ टक्का. मेच्या दुपारी पॅनल ६५ अंशांवर जातो, म्हणजे सरळ पंधराएक टक्के गेले. वर धूळ. पंधरा दिवसांनी सकाळी लवकर पुसा, दुपारी तापलेल्या काचेवर गार पाणी टाकू नका. पॅनल उंच सांगाड्यावर घेतले तर खाली सावली मिळते आणि भाड्याची_खोली यांची कपडे वाळवायची जागाही राहते. पण मग बोल्ट आणि पाया मजबूत हवेत. आपल्याकडची उन्हाळी वादळं पत्रे उडवतात, तिथे पॅनलचं काय.

सांभारवडी

पैशांसाठी भिशी करा ना! आमच्या बायकांच्या भिशीत फ्रिज आले, मंगळसूत्रं आली, सोलर का नाही? अनुदान नंतर खात्यात येतं, आधी रक्कम आपणच भरायची असते, तिथेच मध्यमवर्गी घर अडतं. बारा घरांची भिशी, दर महिन्याला एका घराला रक्कम. ज्याला आधी लागली त्याचं अनुदान आलं की ते भिशीत परत टाकायचं, म्हणजे पुढच्यांचा हप्ता हलका. बँका या योजनेत कर्जही देतात, पण भिशीत शेजारीण रोज विचारते, 'लागलं का हो तुमचं?' त्याने कामं होतात.

महालकर_ताई

सांभारवडी, ही कल्पना मी चोरणार आहे. फक्त एक वही दोघींकडे ठेवा.

नीरीचा_रस्ता

सांडपाण्याचं कोणी काढलं नाही म्हणून लिहितोय. नीरीने (पर्यावरण अभियांत्रिकीची राष्ट्रीय संशोधन संस्था) विकसित केलेलं फायटोरिड तंत्र नागपूरचंच आहे: गिट्टीच्या वाफ्यात पाणकणीस, कर्दळ अशी झाडं लावून त्यातून सांडपाणी शुद्ध करायचं, वीज जवळजवळ नाही. पण तुमच्याकडे घरोघरी सेप्टिक टँक आहेत, न्हाणीचं आणि संडासचं पाणी एकत्र. बांधलेल्या घरात नळ्या वेगळ्या करणं म्हणजे फरशी फोडणं. हे पाचव्या वर्षासाठी ठेवा किंवा गडरलाइन येईल तेव्हा. आत्तापुरतं, रिकाम्या प्लॉटवर जो कोणी नवीन घर बांधेल त्याला दोन नळ्या वेगळ्या ठेवायला सांगा. बांधताना खर्च किरकोळ असतो.

ई-गाड्यांचं चार्जिंग वगैरे ज्याचं त्याला करू द्या, समितीने त्यात डोकं घालू नये.

पळसपान

मंडळी, काल सभा झाली. ४२ पैकी ३१ घरं आली, त्यात सात भाडेकरू. दोन मावशी आल्या, त्यातल्या एकीने तिथेच सांगितलं की कोणत्या घरात ओला-सुका वेगळा होतो आणि कोणत्या घरात नुसता दाखवायला. बराच वेळ शांतता होती.

ठरलं ते असं. सगळं ऋतूच्या हिशेबाने. फेब्रुवारीपासून पानं, जाळणं बंद. मार्चमध्ये ज्यांना हवं त्यांच्या गच्च्या एकत्र पांढऱ्या करायच्या, चुना घाऊक आणायचा. मे महिन्यात विहिरीचा गाळ आणि बारा घरांचे पाइप. टाक्या परवानगी आल्यावर, तोवर एका सेवानिवृत्त बाईंनी आपल्या मागच्या अंगणात दोन टाक्यांना जागा दिली. पगारासाठी घरटी २०० रुपये, भाड्याच्या घरात ते घरमालकाने द्यायचे, हे लिहून घेतलं. सोलर दिवाळीनंतर, भिशी गुढीपाडव्यापासून. आधी वर्षभराची बिलं मांडायची.

एका मुद्द्यावर जमलं नाही. विहिरीत पाणी आलं की ते सगळ्यांना वाटायचं की पाइप देणाऱ्या बारा घरांना आधी? ज्यांनी पाइपचा खर्च केला ते म्हणतात आम्हाला आधी. तो विषय पुढच्या सभेत. तुमची मतं सांगा.

आणि पोती कुठे मिळतील? तांदळाची जुनी चालतील का?

मुरूम_गिट्टी

पाण्याबद्दल: जमिनीत गेलेलं पाणी कोणाच्या पाइपचं ते विहीर ओळखत नाही. त्या बारा घरांना पाइपचा खर्च समितीच्या वर्गणीतून हप्त्याने परत करा आणि पाण्यावरचा हक्क सगळ्यांचा समान ठेवा. वापर मात्र मोजून, विहिरीच्या मोटरला वेगळं मीटर. आणि पहिल्या वर्षी उपसा फक्त कूलर आणि झाडांपुरता ठेवा, पातळी किती टिकते ते ताईंच्या वहीत दिसू द्या.

गांडूळराव

पोती इतवारीत धान्याच्या ठोक दुकानांत मिळतील, जुनी घ्या, भोकं असली तरी बरं, हवा खेळते. प्लास्टिकची चालतील पण उन्हात ठेवू नका, वर्षभरात भुगा होतो. पानं भरताना पायाने दाबा, एका पोत्यात दुप्पट मावतात. आणि चार-पाच जास्तच आणा, चिंच आणि आंब्याची पानं कडुनिंबानंतर गळतात.